डिजिटल मानवी हक्कांचं काम मुंबईत करायचंय? आधी दारं ओळखा

शासकीय विधी महाविद्यालयात शिका, नाहीतर पवईच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात; या विषयाकडे वळणारी मुलं आधी आंतरराष्ट्रीय जाहीरनामे वाचत सुटतात. तसं करू नका. कुठला करार भारताला लागू आहे आणि त्याच्या जोरावर नेमकं कुणाकडे जाता येतं, हे आधी बघा.

नागरी व राजकीय हक्कांचा १९६६ चा करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला. त्यातलं कलम १७ खासगीपणाचं, १९ अभिव्यक्तीचं. मात्र त्याचा पहिला ऐच्छिक प्रोटोकॉल, म्हणजे व्यक्तीला थेट तक्रारीची वाट देणारा जोडकरार, आपण स्वीकारलेला नाही. त्यामुळे एकट्यादुकट्याची तक्रार घेऊन जिनिव्हाच्या मानवी हक्क समितीकडे जाता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाला, म्हणजे एका विषयावर नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञाला, लिहिता येतं, तेही इथली कोर्टं न पालथी घालता. खासगीपणासाठी असं पद २०१५ पासून आहे. पण प्रतिवेदक निकाल देत नाही, सरकारला पत्र पाठवून उत्तर मागतो. अशिलाला हे पहिल्याच भेटीत सांगून टाका.

म्हणजे करार वापरायचा तो इथल्याच कोर्टात. फोन टॅपिंगवरच्या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम १७ चा आधार घेतला, तो आधी वाचा. मग खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा २०१७ चा नऊ न्यायाधीशांचा पुट्टस्वामी निकाल. त्यानंतर सरकारविषयीचा मजकूर खोटा ठरवणाऱ्या सरकारी फॅक्ट चेक युनिटचा नियम रद्द करणारा मुंबई उच्च न्यायालयाचा २०२४ चा निकाल. खंडपीठातल्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले आणि प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलं, म्हणून तिघांचीही मतं वाचा.

पगार मात्र बहुधा बीकेसीतल्या कंपन्यांसाठी केलेल्या डेटा-संरक्षणाच्या कामाचा. जीडीपीआर, म्हणजे युरोपीय संघाचा डेटा-संरक्षण कायदा, नागरिकत्व बघत नाही, नवखे इथे हमखास चुकतात: युरोपीय संघात असलेल्या कुणाचाही डेटा त्यात येतो. डेटाफुटी कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला कळवायचं. दंड २ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ४ टक्के, जे जास्त असेल ते, इथपर्यंत जातो. भारताला युरोपीय आयोगाची पर्याप्ततेची, म्हणजे इथलं डेटा-संरक्षण पुरेसं असल्याची, मान्यता नाही, त्यामुळे डेटा इकडे आणायचा तर बहुतेकदा प्रमाणित करारकलमं, म्हणजे आयोगाने ठरवून दिलेला करारमजकूर, लागतात. युरोपीय संघाच्या न्यायालयाच्या २०२० च्या श्रेम्स निकालापासून सोबत, भारत सरकार हा डेटा कधी बघू शकतं, याचंही टिपण जोडावं लागतं. त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९, म्हणजे सरकारचा डेटा बघण्याचा अधिकार, नीट मांडता आलं, तर तुमची किंमत आपोआप वाढते.

पुराव्याचं काम कंटाळवाणं, पण प्रकरणं तिथेच गळतात. समजा, कर्जाच्या अ‍ॅपने फोनमधले संपर्क उचललेत. परवानग्यांच्या पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसू द्या, कापाकापी नको. गोपनीयता धोरण त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा. कंपन्या ते गुपचूप बदलतात. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात फाईलचं हॅशमूल्य, म्हणजे फाईलचा जणू बोटाचा ठसा असलेला आकडा, लिहावं लागतं. भाग ‘अ’ पक्षकाराचा, ‘ब’ तज्ज्ञाचा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेला स्क्रीनशॉट दाबला जातो आणि हॅश बदलतं. मूळ फाईल केबलने घ्या, हॅश तिथल्या तिथे काढा, आणि निकाल लागेपर्यंत फोन विकायचा किंवा फॉरमॅट करायचा नाही, असं अशिलाला लेखी कळवा.