वाळवंटातल्या मुक्कामासाठी फोमबोर्डचं षटकोनी घर

वाळवंटात साधा तंबू रात्री ठीक असतो, पण ऊन वर आलं की आत थांबवत नाही. कापड सावली देतं, उष्णता अडवत नाही. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची फॉइल असलेल्या फोमबोर्डचं तसं नाही. फॉइल ऊन परतवते आणि मधला फोम उरलेली उष्णता आत यायला वेळ लावतो. रात्रीच्या थंडीतही हाच फोम उपयोगी पडतो.

या बोर्डचं बांधायला सर्वांत सोपं घर म्हणजे हेक्सायर्ट: सहा भिंती आणि सहा पाखी. विनय गुप्ता यांनी २००२ मध्ये निर्वासितांच्या निवाऱ्याचा विचार करताना हा आराखडा मांडला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला. पुढे अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, ब्लॅक रॉक वाळवंटात भरणाऱ्या बर्निंग मॅन मेळाव्यात तो चांगलाच रुजला.

इथे फोमचं काम फक्त ऊन अडवण्याचं आहे. घर उभं राहतं टेपवर आणि वाऱ्यात टिकतं दोरांवर. म्हणून सांधे आणि ताण यांत कुचराई करू नका. बोर्ड थोडा वेडावाकडा कापला गेला तरी निभावून नेता येतं.

साहित्य

- ४ × ८ फूट मापाचे, १ इंच जाडीचे, दोन्ही बाजूंना फॉइल असलेले पॉलिआयसो (कडक फोमचा एक प्रकार) बोर्ड, एकूण १२. थर्माकोल नको, तो चुरतो आणि त्यावर फॉइलही नसते.
- दोन्ही दिशांनी काचतंतू विणलेली ६ इंच रुंद फिलामेंट टेप. फक्त बाहेरच्या सांध्यांना १७४ फूट लागते. आतूनही लावायची तर तेवढीच आणखी.
- उघड्या कडांसाठी ॲल्युमिनियम फॉइल टेप, साधारण ४०० फूट.
- दोर, एक मजबूत कडी, खुंट्या, धारदार कटर, लांब पट्टी, मास्क, हातमोजे.

खर्च वाचवायचा तर बोर्डच्या प्रतीत वाचवा, टेपमध्ये नको. पॅकिंगची किंवा साधी कापडी टेप उन्हात सुटत जाते आणि एक सांधा गेला की शेजारच्यावर ताण येतो.

कापणं

सहा बोर्ड तसेच ठेवा. ते आडवे उभे केले की ४ फूट उंच, ८ फूट लांब भिंती झाल्या. उरलेले सहा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे कापा. प्रत्येकातून दोन काटकोनी त्रिकोण निघतात. त्यांतला एक उलटा करून ८ फुटी बाजू एकमेकींना लावल्या, की पायथ्याशी ८ फूट आणि उंचीला ८ फूट असं एक पाखं तयार होतं. एक त्रिकोण उलटवावाच लागतो, म्हणूनच फॉइल दोन्ही बाजूंना हवी.

असं सहा पाख्यांचं छप्पर मध्यभागी भिंतींपेक्षा ४ फूट वर चढतं. म्हणजे मधोमध ८ फूट उंची आणि खाली सुमारे १६६ चौरस फूट जागा, तीही बोर्ड जराही वाया न घालवता. ही भूमिती मला फार आवडते.

करवत वापरू नका, तिने भुसा उडतो. कटरने दोन-तीनदा रेघ मारून कापा. फोमची धूळ घशाला आणि डोळ्यांना त्रास देते, तेव्हा मास्क हवाच. कापून झालं की प्रत्येक कडेवर फॉइल टेप लावा, नाहीतर फोमचा चुरा वाळवंटभर होतो.

घरीच करायचे सांधे

टेप स्वच्छ, कोरड्या पृष्ठभागावरच धरते. वाळवंटातली बारीक धूळ बोर्डवर बसली की चांगली टेपही उपयोगाची राहत नाही. म्हणून जितके सांधे घरी होतील तितके घरीच करा. फॉइल स्पिरिटने पुसा, टेप लावा आणि पट्टीने जोर देऊन दाबा.

पाख्याच्या दोन त्रिकोणांचा मधला सांधा बाहेरच्या बाजूने लावा. तीच बिजागरी होते आणि पाखं मिटून ठेवता येतं. भिंतींच्याही तीन जोड्या करा, पण त्यांच्यात फट ठेवायची आहे. कोपऱ्यात भिंती १२० अंशांत वळतात, तेव्हा बोर्ड जमिनीवर पालथे असताना मध्ये बोर्डच्या जाडीहून किंचित जास्त अंतर ठेवून वरून टेप लावा. उभ्या केल्यावर आतल्या कडा बरोबर टेकतात आणि बाहेरची फट टेप झाकते. फट न ठेवता लावलं तर कोपरा वळताना फोम चिरडतो.

सगळं मिटलं की ४ × ८ फुटांचा, जेमतेम फूटभर जाडीचा गठ्ठा होतो. वाहनावर नेताना तो घट्ट बांधा, वारा खालून शिरला तर बोर्ड मोडतात.

दार आडोशाच्या भिंतीत कापा, चारही बाजूंना चौकट शिल्लक ठेवून आणि कोपरे गोल करून. टोकदार कोपऱ्यातून बोर्ड चिरत जातो. दार बुटकं होतं, वाकून जावं लागतं. समोरासमोरच्या भिंतींत एक खाली, एक वर अशी हवेची दोन भोकं ठेवा आणि त्यांना धूळ अडवणारी गाळणी लावा. पाण्यावर चालणारा कूलर कोरड्या हवेत छान काम करतो, फक्त हवा बाहेर जाण्याची वाट उघडी हवी.

उभारणी

पहाटेची शांत वेळ निवडा. वारा असेल तर थांबा. सुटा बोर्ड वाऱ्याने उडाला तर माणसाला गंभीर इजा होऊ शकते.

मध्यभागी खुंटी ठोकून ८ फूट दोरीने वर्तुळ काढा. त्यावर तीच ८ फुटांची दोरी सहा वेळा टेकवत गेलात की सहा कोपरे मिळतात. षटकोनाची बाजू आणि त्रिज्या सारखीच असते. भिंती त्यावर उभ्या करून उरलेले तीन कोपरे टेपने जोडा.

छप्पर शेजारी जमिनीवर, बाहेरची बाजू वर ठेवून जुळवा. सहा पाखी पंख्यासारखी मांडली तरी वर्तुळ पुरं होत नाही, साधारण ४० अंशांची मोकळी जागा उरते. पाख्यांमध्ये अर्धा इंच फट ठेवून पाच सांधे सपाट असतानाच लावा. मग मोकळ्या कडा एकमेकींकडे ओढल्या की टोक आपसूक वर उठतं. सहावा सांधा लावा. सहा जणांनी कोपरे धरून छप्पर भिंतींवर ठेवा आणि वळचण सगळीकडून टेपने बंद करा.

आता लगेच दोर. टोकावरच्या कडीतून सहा दोर छपराच्या सांध्यांवरून कोपऱ्यांकडे उतरवा आणि भिंतीपासून ३-४ फूट लांब खुंट्यांना ताणून बांधा. दोर जिथे कोपऱ्यावर घासतो तिथे बोर्डचा तुकडा घाला. वळचणीखालून एक दोर कमरपट्ट्यासारखा फिरवला तर भिंती बाहेर सरकत नाहीत. कडक मातीत २ फुटी लोखंडी सळ्या पुरतात. त्यांची टोकं झाका, अंधारात पाय फाटतो. मऊ वाळूत खुंटी धरत नाही. तिथे दोर बांधलेला ओंडका किंवा वाळूची पिशवी आडवी, खोल पुरा.

आग

यात तडजोड नको. हा फोम जळतो आणि धूर विषारी असतो. आत मेणबत्ती, स्टोव्ह, शेगडी, सिगारेट काहीही नको. शेगडीमुळे बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठून झोपेतच जीव जाऊ शकतो. धूर ओळखणारा आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा, असे दोन्ही अलार्म लावा. झोपण्याच्या जागेजवळ कटर ठेवा, दार अडलं तर भिंत कापून बाहेर पडता येतं. ते प्रत्येकाला दाखवून ठेवा.

सोडणं

छप्पर उतरवायच्या अगदी क्षणापर्यंत दोर सोडू नका. ते सोडले की आधी छप्पर उतरवा, मग भिंती. तिथे लावलेलेच सांधे कापा, घरचे तसेच राहू द्या. बोर्ड पुसून सपाट ठेवा, टेपचे आणि फोमचे तुकडे वेचून परत न्या. पुढच्या वेळी टेप नवी लागेल, बोर्ड तेच चालतील.