आठवड्याला पाच तास मिळाले तरी रेसची तयारी होते

पहिल्यांदा सायकल रेसला उतरायचंय आणि ड्युटीमुळं वेळच मिळंना, तर एक करा, रोज त्याच मध्यम स्पीडनं 20 किमी मारत बसू नका, त्यानं पाय दमतात पण स्पीड काय वाढत नाही बघा. आठवड्यात दोन दिवस, मधे एक दिवस सोडून, इंटरव्हल करा: 15 मिनिटं वॉर्मअप, मग 4 मिनिटं एवढं जोरात की दोन शब्दांच्या वर बोलायलाच येऊ नये, मग 4 मिनिटं एकदम हळू, असं चार वेळा, शेवटी दहा मिनिटं निवांत पेडल, तासाभरात काम झालं.

रविवारी मात्र दोन-अडीच तास द्या, गप्पा मारत चालवता येईल एवढ्याच वेगानं. बेळगावजवळच्या येळ्ळूरकडून राजहंसगडाचा चढ त्यात घातला तर लईच भारी, फक्त चढ लागायच्या आधीच हलका गिअर टाका, जोर लावत असताना बदलला की चेन कडकड करते आणि लय तुटते ती परत सापडत नाही. दोघं असाल तर आलटून पालटून पुढच्याच्या मागच्या चाकाला लागून राहायची सवय करा, रेसमधे वारा पुढचा खातो, मागच्याचे पाय वाचतात.