आधी ब्रॅकेट, मग बेली पॅन

जुन्या मोटरसायकलला बेली पॅन, म्हणजे इंजिनखाली बसणारं कव्हर, लावायचा ठरला की बहुतेक जण आधी दुकान गाठतात, दिसायला बरा वाटेल तो तुकडा उचलतात, आणि घरी आल्यावर तो नेमका कशाला अडकवायचा यावर गाडी अडते. क्रम उलटा ठेवा. चेसिसवर पकड कुठे मिळते ते आधी पाहा, पॅन त्यानंतर शोधा.

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि खाली डोकावा. आरएक्स १०० किंवा राजदूत ३५० सारख्या गाडीत चेसिसचे दोन पाइप इंजिनखालून मागे जातात. त्यांना रबर लावलेले चार पी-क्लॅम्प (पाइपला वेढून बसणाऱ्या पी आकाराच्या पट्ट्या) बसले की अर्धं काम झालं. जुनी बुलेट, पहिली सीबीझी किंवा करिझ्मा यांच्यात इंजिनखाली पाइपच नाही, इंजिन हाच चेसिसचा एक भाग आहे. तिथे पुढची पकड इंजिन माउंटिंगच्या प्लेटवर आणि मागची फूटरेस्ट किंवा मेन स्टँडच्या बोल्टवर घ्यावी लागते. लेगगार्डचा खालचा बोल्टही चालतो, पण गाडी पडली की लेगगार्डसोबत पॅनही जाईल हे धरून चाला.

क्रँककेसच्या कव्हरचे किंवा ऑइल चेंबरचे बोल्ट मात्र कधीच वापरू नका. हाताशी असतात म्हणून मोह होतो. पॅनची थरथर ॲल्युमिनियमच्या आट्यांवर येते, आटे जातात, पॅकिंगमधून ऑइल झिरपू लागतं, आणि मग पॅनसाठी इंजिन उघडायची पाळी येते. चेसिसला वेल्डिंगही नको. पाइप पातळ असतो, तापल्याने तिथेच कमजोर होतो. शिवाय १५ वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते. चेसिसवर नवीन वेल्डिंग दिसलं की प्रश्न निघतात. चार बोल्ट काढून पॅन घरी ठेवून जाता आलं पाहिजे.

आता पुठ्ठा. टीव्हीच्या किंवा फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेऊन पॅनची एक बाजू, दुसरी बाजू आणि तळ असे तीन तुकडे कापा, चिकटपट्टीने जोडा आणि इंजिनखाली बांधा. तासाभराचं काम आहे, पण पुढची सगळी भांडणं इथेच मिटतात. इंजिनपासून चारी बाजूंनी किमान १५ मिमी आणि सायलेन्सरच्या बेंड पाइपपासून किमान २५ मिमी जागा सुटली पाहिजे. पॅनची वरची कड सिलिंडरच्या सगळ्यात खालच्या फिनपेक्षा (थंड होण्यासाठी असलेल्या पातीपेक्षा) खाली राहिली पाहिजे. पुठ्ठा लावूनच किक मारून पाहा, गिअर आणि मागचा ब्रेक दाबून पाहा, साइड स्टँड उघडमीट करा. आरएक्सची किक आणि सायलेन्सर दोन्ही उजवीकडे, त्यामुळे त्या बाजूचा पॅन बराच कापावा लागतो. दोन्ही बाजू एकसारख्या दिसाव्यात हा हट्ट सोडा.

पुढच्या चाकाची तपासणी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. गाडी उभी असताना मडगार्ड आणि पॅनमध्ये हातभर अंतर दिसतं, पण जोराचा ब्रेक लागून शॉकअप पूर्ण दबले की चाक वर आणि मागे सरकतं. जुन्या गाड्यांचे पुढचे शॉकअप साधारण ११० ते १३० मिमी दबतात. हँडलला आणि पुढच्या चाकाच्या एक्सलला सामान बांधायचा रॅचेट पट्टा लावून शॉकअप पूर्ण दाबा, हँडल दोन्हीकडे वळवा आणि तेव्हा पॅनचं नाक, म्हणजे पुढचं टोक, टायरपासून ३० मिमी तरी लांब आहे ना ते मोजा. टायर घासला तर नुसता पॅन फुटून भागत नाही, तुकडा चाकात अडकू शकतो.

उंचीचा नियम सोपा आहे: गाडीचा सगळ्यात खालचा भाग पॅन नसावा. मेन स्टँड किंवा बेंड पाइप यांच्यापेक्षा तो १० मिमी तरी वर हवा. नागपूरच्या वस्त्यांमधले स्पीडब्रेकर कोणत्या मापाने घातले ते घालणाऱ्यालाच माहीत, आणि डबलसीट असताना मागचा शॉकअप दबून जी उंची उरते तीच खरी उंची.

पुठ्ठा पटला की त्याची मापं घेऊन बाजारात जा. तीन वाटा आहेत. पहिली, दुसऱ्या गाडीचा कंपनी पॅन. २०१७ नंतरच्या पल्सर एनएस २०० चा पॅन रंग उडालेला असला तरी चालतो. नागपुरात घाट रोडच्या पार्ट्सच्या दुकानांत ‘इंजिन काऊल’ म्हणून विचारा, कबाड्याकडेही नजर टाका. असा पॅन मापापेक्षा थोडा मोठाच घ्या, कारण कापता येतो, वाढवता येत नाही. बोल्टच्या भोकांभोवती केसासारख्या चिरा असतील तर सोडून द्या. मधोमध चीर असेल तर आतून प्लास्टिक वेल्डिंग करून भागतं.

दुसरी वाट फायबरची. युनिव्हर्सल म्हणून मिळणारे पॅन बहुधा याचेच असतात. उजेडासमोर धरा: कुठे जाड कुठे पातळ दिसलं, हवेचे बुडबुडे दिसले तर नको. २.५ ते ३ मिमी एकसारखी जाडी हवी. स्वतः बनवणार असाल तर ४५० ग्रॅमच्या मॅटचे (काचेच्या धाग्यांच्या कापडाचे) तीन थर आणि बोल्टच्या जागी चौथा पुरतो. रेझिन घट्ट करणारा हार्डनर वजनाने १ ते २ टक्के पडतो, पण एप्रिल-मेमध्ये नागपुरात १ टक्क्यावरच थांबा आणि काम सकाळी सातच्या आत उरका, नाहीतर डब्यातच रेझिन जेली होतं. रेझिन लवकर बसवणारा कोबाल्ट वेगळा मिळाला तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर नंतर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो.

तिसरी वाट ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. १.५ मिमी पत्रा घ्या. पुठ्ठ्याचा नमुना दिला की कूलर बनवणारा कारागीर तो नीट वाकवून देतो, त्याच्याकडे मशीन असतंच. फक्त फेब्रुवारी ते मे त्याच्या दारात जाऊ नका, त्याला मान वर करायला फुरसत नसते. पत्रा फुटत नाही, चेमटतो. हवेवर थंड होणाऱ्या जुन्या इंजिनला उष्णतेच्या बाबतीत हाच सगळ्यात सोसणारा. साध्या पॉलिएस्टर रेझिनचा पॅन बेंड पाइपजवळ नरम पडून वाकतो.

ब्रॅकेटसाठी २० × ३ मिमीची लोखंडी पट्टी आणि ६ मिमीचे एलन बोल्ट घ्या. इतवारीच्या लोहाओळीत हे सगळं सुटं मिळतं. प्रत्येक जागी नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, ढिला न होणारा), पॅनच्या बाहेरून २० मिमीचा मोठा वॉशर, आणि मध्ये रबर ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारी रबरी कडी. ग्रोमेटच्या आत लोखंडी बुश (छोटी नळी) घाला, ग्रोमेटपेक्षा अर्धा ते एक मिमी आखूड. बुश नसेल तर बोल्ट कसताना रबर चेपून बाहेर येतं आणि थरथर थेट फायबरवर जाते. सिंगल सिलिंडरच्या गाडीवर पॅन फुटायचं हेच मुख्य कारण. इंजिन माउंटिंगच्या बोल्टखाली ब्रॅकेट घेत असाल तर मूळ बोल्टपेक्षा ३ मिमी जास्त लांब बोल्ट वापरा, ८.८ ग्रेडचाच, आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कला कसा.

भोकं पाडण्याआधी पॅन क्लॅम्पने किंवा टेपने जागेवर धरून ठेवा. मास्किंग टेप लावून खूण करा, ३ मिमीच्या ड्रिलने सुरुवात करा, मग ग्रोमेटच्या मापापर्यंत वाढवा. ड्रिल हळू चालवा. भोक कडेपासून १५ मिमी आत हवं. आधी मागची दोन भोकं पाडून बोल्ट ढिले लावा, पॅन पुन्हा सरळ करा आणि मगच पुढची दोन पाडा. चारही एकदम पाडली तर एक तरी हुकतं, आणि पॅन ओढून बसवावा लागतो. ओढून बसवलेला पॅन महिनाभरात त्याच कोपऱ्यात तडकतो. फायबर कापताना मास्क आणि चष्मा लावा.

जुन्या गाडीत एक गोष्ट नव्या गाडीपेक्षा वेगळी आहे: ती गळते. कार्ब्युरेटरची ओव्हरफ्लोची नळी आणि इंजिनचा ब्रीदर (आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) बहुतेक गाड्यांत इंजिनमागे खाली सोडलेले असतात. पॅन लावला की तेच पेट्रोल थेट त्यात साचतं, आणि अगदी जवळच तापलेला बेंड पाइप असतो. म्हणून दोन्ही नळ्या आणि असल्यास बॅटरीच्या ॲसिडची नळी पॅनच्या बाहेर, मागे नेऊन टायरला न लागेल अशी बांधा. कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळत असेल तर ती बदलेपर्यंत पॅन लावूच नका. तळाला १२ मिमीची दोन भोकं हवीत: एक मधोमध सगळ्यात खोल जागी, दुसरं डावीकडे मागे, कारण साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते. रेसच्या गाड्यांचा पॅन फुटलेल्या इंजिनचं ऑइल झेलायला तळाशी बंद ठेवतात. ती नक्कल रस्त्यावरच्या गाडीवर नको.

ऑइल बदलायचा नट समोर येईल असं ५० मिमीचं भोकही पाडता येतं, पण पॅनच्या आत ऑइल सांडतंच. पॅन काढणंच बरं.

उष्णता अंदाजाने नाही, मोजून ठरवा. पॅन लावण्याआधी एका दुपारी ठरलेल्या रस्त्यावर वीस मिनिटं चालवून क्रँककेसचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. पॅन लावल्यावर त्याच वेळी, तोच रस्ता, तीच जागा. दहा अंशांपेक्षा जास्त फरक आला तर पॅनचं नाक आणखी उघडा आणि मागची बाजू कापा. हवा आत घ्यायला वाट असून बाहेर जायला नसेल तर काही उपयोग नाही. पाइपच्या बाजूला आतून ॲल्युमिनियमची हीट शील्ड चिकटवा. पल्सर २२० सारख्या गाडीचा ऑइल कूलर झाकला जाणार नाही हे पाहा.

रंग सगळ्यात शेवटी, सगळी कापाकापी आणि चाचणी झाल्यावर. फायबरला प्रायमर, प्लास्टिकला आधी प्लास्टिक प्रायमर, एवढं पेंटरला सांगितलं की पुरे.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, त्यानंतर निळं थ्रेडलॉकर (आट्यांना लावायचा गोंद) लावून पक्के करा. पावसाळ्यात, विशेषतः शहराबाहेरच्या काळ्या मातीतून गाडी गेली असेल तर, दर आठवड्याला पॅन उतरवून धुवा. चिकट गाळ आत वाळला की भोकं बुजतात आणि पॅनचं वजन दुप्पट होतं. खडखड ऐकू आली तर बोल्ट आवळत बसण्याआधी ग्रोमेट पाहा, बहुतेक वेळा तेच झिजलेले असतात.