गाडीचे पिवळे पडलेले हेडलाइट घरीच कसे साफ करावे

मागल्या हिवाळ्यात आर्वीहून गावाकडे परतताना पुढची कापसाची बंडी (बैलगाडी) मला अगदी जवळ गेल्यावर दिसली. बंडीच्या मागं ना दिवा, ना लाल चकती. ब्रेक वेळेवर लागला म्हणून निभावलं. घरी येऊन टॉर्चच्या उजेडात पाहिलं, तर दोन्ही हेडलाइटवर मोतीबिंदू आल्यासारखा पिवळट पडदा होता. ताशी ६० च्या वेगानं गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर पुढं जाते, आणि आपल्याकडं रात्री रस्त्यावर बंड्या असतात, रोही (नीलगायी) असतात, रानडुकरांचे कळप असतात. म्हणून हे काम मी दिसण्यासाठी करा म्हणत नाही, दिसावं म्हणून करा म्हणतो.

गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, "भाऊ, पुरा सेटच बदलवून टाका." त्याची गरज नसते. एक सकाळ, थोडा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा सँडपेपर) आणि पाणी एवढ्यात काम होतं. मात्र पहिल्या वेळी माझं अर्धंच झालं होतं, ते कसं ते पुढं सांगतो.

आपण जिला काच म्हणतो ती आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं. कंपनी त्यावर एक पातळ, कडक, पारदर्शक थर देते. उन्हातले अतिनील किरण हळूहळू तो थर खातात, मग खालचं प्लॅस्टिक पिवळं पडतं. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो आणि गाडी दिवसभर अंगणात उघडी उभी असते, तेव्हा हे लवकर होणारच. हा मळ वर बसलेला नसून पृष्ठभागच खराब झालेला असतो, म्हणून साबणानं कितीही धुतलं तरी तो जात नाही. तो घासूनच काढावा लागतो.

आधी तीन गोष्टी तपासा

नखानं टिचकी मारा. टणटणीत आवाज आला तर ती खरी काच आहे. जुन्या जीप, अँबॅसडर आणि पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांना तशीच असते, तिला वॉटर पेपर लावायचा नाही. दुसरं, धुकं बाहेरून आहे की आतून? ओलं बोट फिरवल्यावर तेवढा पट्टा क्षणभर स्वच्छ दिसला तर खराबी बाहेरची आहे, काम होईल. आत पाण्याचे थेंब असतील तर आधी सील दुरुस्त करून घ्या. तिसरं, प्लॅस्टिकच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर त्या घासून जात नाहीत, तिथं मात्र सेट बदलणंच बरं.

सामान

रंगाच्या दुकानात वॉटर पेपर मिळतो. ६००, १०००, १५०० आणि २००० नंबरचं एकेक पान घ्या, ३००० चं मिळालं तर उत्तम. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. सोबत रबिंग कंपाऊंड (घासून चमक आणायची पेस्ट), मास्किंग टेप, बादलीभर स्वच्छ पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. पुसायला धुऊन मऊ झालेलं सुती धोतर किंवा जुनं बनियन चालतं. घरात कापूस पडलेला असतो म्हणून तोच हाती घेऊ नका. त्यातली सरकी आणि पातीचा कचरा नव्या प्लॅस्टिकवर ओरखडे काढतो.

जागा सावलीची हवी, निंबाखालची नको, कारण वरून पानं आणि कचरा पडत राहतो. टिनाच्या शेडखाली सकाळी ८-९ वाजता बसा. शेजारच्या वावरात सोयाबीनचं थ्रेशर चालू असेल तर त्या दिवशी काम काढूच नका.

घासणं

गाडी आणि हेडलाइट आधी नीट धुवा. काळ्या मातीचा एक कण जरी कागदाखाली आला तरी तो खोल रेघ ओढतो. मग हेडलाइटच्या कडेनं बोनट आणि बंपरवर मास्किंग टेपचे दोन थर लावा. घाईत हात सटकला की रंग जातो, आणि रंगाचं काम हेडलाइटपेक्षा महाग पडतं.

कागद दहा मिनिटं पाण्यात भिजवा. जुन्या रबरी चपलेचा चपटा तुकडा कापून त्याभोवती गुंडाळला की दाब सगळीकडं सारखा पडतो. ६०० नंबरनं आडवं घासायला लागा. सारखं पाणी सोडत राहा, कोरडं कधीच घासू नका. सुरुवातीला जे पाणी खाली उतरतं ते पिवळसर असतं. तेच तुमचं मोजमाप. घासता घासता ते दुधासारखं पांढरं होतं, आणि तेव्हा समजायचं की मेलेला थर निघाला. मधेच पुसून वाळवून पाहा. नकाशासारखे डाग, कुठं चकचकीत कुठं धुरकट, असे दिसले तर कंपनीचा जुना थर अजून शिल्लक आहे. तो सगळा निघेपर्यंत ६०० सोडू नका. कोपरे आणि वरची कड हमखास राहतात, आणि ऊन सगळ्यात जास्त वरच्या कडेलाच लागतं.

या टप्प्यावर हेडलाइट आधीपेक्षाही वाईट, एकदम पांढरा दिसतो. घाबरू नका, तो असाच दिसायला हवा.

आता पाणी बदला, प्लॅस्टिक धुवा आणि १००० नंबर घ्या. या वेळी उभं घासा. आडव्या रेघा पुऱ्या मिटल्या की १५०० नं पुन्हा आडवं, २००० नं उभं, ३००० असेल तर शेवटी त्यानं आडवं. गाडी उघड्यावर राहत असेल तर मात्र १००० किंवा १५०० वरच थांबा, कारण पुढं सांगतो. दिशा बदलायचं कारण एवढंच की आधीच्या कागदाची रेघ राहिली का ते डोळ्याला लगेच कळतं. १००० ची राहिलेली रेघ २००० नं कधीच जात नाही, हात दुखतात फक्त.

इथून दोन वाटा

गाडी शेडमध्ये उभी राहत असेल तर पॉलिशची वाट घ्या. फडक्यावर बोटभर कंपाऊंड घेऊन गोल गोल, दाब देऊन घासा. पाच-सात मिनिटांत आतला बल्ब दिसू लागतो. ड्रिल मशीनला पॅड लावणार असाल तर वेग कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका, उष्णतेनं प्लॅस्टिक मऊ होऊन खराब होतं. शेवटी गाडीचं वॅक्स किंवा सीलंट लावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावत राहा.

माझी चूक इथंच झाली होती. चमक आली म्हणून मी थांबलो, वर काहीच लावलं नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच पिवळेपणा परत. जुना थर आपण स्वतःच्या हातानं काढलेला असतो, आता प्लॅस्टिक उघडं असतं.

गाडी उघड्यावर राहत असेल तर दुसरी वाट: हार्डनर (थर कडक करणारं रसायन) असलेला, अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट, म्हणजे फवारून मारायचा पारदर्शक थर. त्यासाठी कागद १००० किंवा १५०० वरच थांबवा आणि कंपाऊंड लावूच नका. क्लिअरला पकडायला थोडा खरखरीतपणा लागतो आणि कंपाऊंडचा तेलकटपणा त्याला धरू देत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या, आजूबाजूची गाडी कागदानं झाका, मग २०-२५ सेंटीमीटरवरून दोन-तीन हलके हात मारा, मधे डब्यावर लिहिलं तेवढं थांबून. बारीक रेघा क्लिअर स्वतः भरून काढतो. हार्डनरचा वास फुप्फुसाला फार वाईट, म्हणून रंगकामाचा मास्क लावूनच आणि मोकळ्या हवेतच, पोरांना दूर ठेवून मारा. पावसाळी दमट हवेत क्लिअर दुधाळ होऊ शकतो आणि मे महिन्याच्या दुपारी फवारा टेकायच्या आत सुकतो. दिवाळीनंतरचे दिवस चांगले. २४ तास पाणी लागू देऊ नका.

पेट्रोल, थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसणं साफ टाळा. पॉलिकार्बोनेटला त्यानं भेगा पडतात. मच्छर पळवायचा स्प्रे मारून हेडलाइट चमकवतात तेही तसंच, वरचा पापुद्रा विरघळतो आणि काही दिवसांत अवस्था आणखी बिघडते. टूथपेस्ट नुकसान करत नाही, पण ती फक्त बारीक कंपाऊंडचं काम करते, जुना थर तिला निघत नाही.

उजेड वाढला म्हणून जास्त वॅटचा बल्ब टाकायची गरज नाही. साध्या एच४ बल्बचे ६०/५५ वॅट (हाय बीम/लो बीम) पुरेसे आहेत. काम झाल्यावर रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून लो बीम पाहा, दोन्ही बाजूंची उंची सारखी हवी. मागं कापसाची किंवा तुरीची पोती भरली की गाडीचं नाक वर उठतं आणि हाच साफ उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं चाक असेल तर माल भरल्यावर ते फिरवून बीम खाली घ्या.