‘वी वेअर हिअर’ खेळताय? मग या चुका टाळा

भावंडं, मैत्रिणी, ऑफिसमधली मुलं असं सगळं धरून आतापर्यंत नऊ-दहा जोड्यांना मी हा गेम लावून दिला असेल. जवळजवळ प्रत्येक जोडीचा अर्ध्या तासाच्या आत फोन येतो, “ताई, अडकलो. उत्तर काय आहे?” अडकायची जागा दर वेळी वेगळी असते, पण कारणं ठरलेली असतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या ‘टोटल मेहेम गेम्स’ या छोट्या स्टुडिओचा हा गेम २०१७ साली आला, आणि पहिला भाग स्टीमवर (कॉम्प्युटरवरचे गेम मिळतात त्या ऑनलाइन दुकानात) फुकट आहे. बर्फाच्या प्रदेशात वाट चुकलेले दोघं जण एका ओसाड किल्ल्यात शिरतात आणि त्यांची ताटातूट होते. एक होतो लायब्रेरियन, पुस्तकांच्या आणि खुणांच्या खोलीत अडकलेला. दुसरा एक्सप्लोरर, किल्ल्यातून खोली-खोली पुढे सरकणारा. एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही. दोघांमध्ये फक्त वॉकीटॉकी. कोडं एकाकडे आणि उत्तर दुसऱ्याकडे असल्यामुळे एकट्याने खेळायची सोयच नाही.

आता सगळ्यात मोठी चूक. वॉकीटॉकीवर फोनसारखं बोलणं.

या वॉकीटॉकीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं, मग समोरच्याने बोलायचं. हे सुरुवातीलाच कळतं, तरीही लोक दोन मिनिटांत विसरतात. मराठीत खेळणाऱ्यांसाठी तर यात आणखी एक खड्डा आहे. माझा आतेभाऊ नागपूरला, मी पुण्यात. तो लायब्रेरियन, मी एक्सप्लोरर. ज्या खोलीत पाणी भरत जातं, तिथे आम्ही पोचलो. व्हॉल्व्ह समोर, पाणी गुडघ्याच्या वर. मी विचारलं, “तिसरा फिरवू का?” तो घाईत म्हणाला, “तिसरा फिरवू नकोस,” पण शेवटचा शब्द तोंडातून निघायच्या आत त्याचं बोट बटणावरून सुटलं होतं. मला ऐकू आलं, “तिसरा फिरव.” मी फिरवला. पाणी वाढतंय म्हणून मी विचारतेय, तो त्याच वेळी समजावतोय, दोघांचीही वाक्यं अर्धवट पोचताहेत. बघता बघता पाणी डोक्यावरून गेलं. परत पहिल्यापासून. दुसऱ्यांदाही नेमकं तेच झालं. मग तो मला म्हणाला, “ताई, तू ऐकतच नाहीस,” आणि मी त्याला म्हणाले, “तू नीट सांगतच नाहीस.” दोघंही आपापल्या परीने खरं बोलत होतो.

आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. करू नको, जाऊ नकोस, तो नाही, हा नव्हे. बटण जरा लवकर सुटलं की नेमका नकारच गळतो आणि मागे उरतो तो हुकूम. म्हणून आमच्यात तेव्हापासून एक सवय पडली: नकार आधी. “नको. तिसरा नको.” आणि ऐकणाऱ्याने कृती करण्याआधी ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. “दुसरा फिरवतेय.” “हो.” मग हात लावायचा. वाक्य संपल्यावर मनात ‘एक’ म्हणायचं आणि मगच बटण सोडायचं. यात वेळ जातो असं नवीन खेळणारे म्हणतात. दोनदा बुडण्यात जास्त वेळ जातो.

दुसरी चूक म्हणजे चिन्हांचं वर्णन. या गेममध्ये नाव नसलेल्या आकृत्या सारख्या समोर येतात आणि लोक सांगतात, “एक गोलसर आहे, त्याला काहीतरी लटकतंय.” समोरच्याच्या पानावर तसल्या चार असतात. आपल्याकडे याला इतकी चांगली साधनं आहेत! देवनागरी अक्षरं वापरा: “ळ आडवा पाडलाय,” “ढ च्या पोटात टिंब,” “उलटा ४.” घरातल्या वस्तू वापरा: विळी, सांडशी, चकली, चंद्रकोर, नथ. एकदा एखाद्या चिन्हाला ‘विळी’ म्हटलं की शेवटपर्यंत विळीच, मध्येच ‘हूक’ नाही. मी शेजारी वही ठेवते, आकृती काढते आणि तिच्याखाली आमचं नाव लिहिते. उजवं-डावं सांगताना “कशाकडे तोंड करून” हे आधी बोला. दाराकडे पाठ असली की सगळंच उलटतं.

आणि आता ज्याचा मला मनापासून राग येतो ते: स्क्रीन शेअर. अडकले की लोक दुसऱ्या ॲपवर व्हिडिओ कॉल लावतात, एकमेकांची स्क्रीन बघतात आणि पाच मिनिटांत कोडं सुटलं म्हणून खूश होतात. काय सुटलं? या गेममध्ये कोडं भिंतीवर नाहीच. ते तुमच्या दोघांच्या बोलण्यात आहे. दिसत नसलेली गोष्ट शब्दांत पोचवायची आणि समोरच्याच्या शब्दांवर विश्वास ठेवायचा, एवढाच हा गेम आहे. स्क्रीन दाखवलीत की उरतो तो नुसता दारं उघडण्याचा उद्योग. यूट्यूबवरची उत्तरं बघणाऱ्यांनाही हेच सांगेन. शिवाय त्यात शेवट फुटतो, आणि या कथेचा शेवट माहीत नसताना अनुभवायची संधी आयुष्यात एकदाच मिळते. खरंच अडकलात तर दहा मिनिटं उठा, चहा करा, परत या. परतल्यावर दोघांनीही आपल्या खोलीत काय काय दिसतं ते पहिल्यापासून मोठ्याने सांगा. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा ‘अगं, हे तू आधी का नाही सांगितलंस!’ तिथेच निघतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. माइक गेम सुरू करण्याआधी तपासा, किल्ल्यात शिरल्यावर नाही. स्पीकर बंद ठेवून इयरफोन लावा, नाहीतर तुमचाच आवाज तुमच्याकडे परत येतो. तिसऱ्या माणसाला मागे बसवू नका, तो उत्तरं सांगणारच. रात्री साडेअकराला सुरू करून अर्ध्यात सोडू नका, सलग दोन तास काढा. फुकटचा पहिला भाग टाळून थेट २०२२ चा ‘वी वेअर हिअर फॉरएव्हर’ विकत घेऊ नका. तो बराच मोठा आहे, आणि एकमेकांशी बोलायची सवय नसेल तर मधेच वैताग येतो. पुढच्या विकतच्या भागांत दोघांनाही आपापली प्रत लागते, हेही आधी बोलून घ्या.

आणि एकदा संपला की भूमिका बदलून परत खेळा. आतेभाऊ पाण्यात उभा होता आणि पुस्तकं माझ्यासमोर होती, तेव्हा पाचव्या मिनिटाला बटण लवकर सोडणारी मीच होते. त्याने शांतपणे विचारलं, “फिरवू, की फिरवू नको? परत सांग, ताई.”