फौजेतून परतल्यावर लांब पल्ल्याचं धावणं: कोल्हापुरातल्या माजी सैनिकांसाठी

पलटणीतलं पळणं मुख्यतः दोन मापांचं असायचं: पीपीटी या शारीरिक चाचणीचे 2.4 किलोमीटर आणि बीपीईटी या लढाऊ क्षमतेच्या चाचणीचे 5. दोन्हीकडे घड्याळ समोर आणि जीव तोडून पळायचं. पेन्शनवर घरी आलेला जवान पहाटे रंकाळा तलावावर उतरला की पायांत तोच वेग येतो, आणि दीड-दोन महिन्यांत तो पोटरी धरून बसतो. दम लवकर परत येतो. हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे दोर) मागे राहतात, त्यांना तयार व्हायला महिने लागतात. मधल्या काळात वाढलेलं वजनही त्यांच्यावरच पडतं. म्हणून आधी हळू पळायला शिका. फौजी माणसाला हेच सगळ्यात जड जातं.

सुरुवातीला रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घ्या. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड त्यासाठीच आहे. लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे आजार किंवा दुखापतीमुळे खालच्या वैद्यकीय श्रेणीत, निवृत्त झाला असाल तर जुने कागद डॉक्टरांपुढे ठेवूनच विचारा.

पहिले चार आठवडे, आठवड्यातून 4 दिवस, 30 मिनिटं: 4 मिनिटं पळणं, 1 मिनिट चालणं. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर. किलोमीटरला 8 मिनिटं लागली तरी लागू द्या. पाचव्या आठवड्यापासून रविवारी 5 किलोमीटरपासून सुरुवात करून दर रविवारी 1 वाढवा, पण दर चौथ्या आठवड्यात पल्ला एक तृतीयांशाने कमी करा. हा आठवडा बहुतेक जण गाळतात, आणि दुखापती तिथूनच सुरू होतात. 18 किलोमीटर आरामात झाले की 21.1 ची शर्यत (अर्ध मॅरेथॉन) झेपते. म्हणजे साधारण साडेपाच महिने धरा.

सपाटीसाठी रंकाळा चांगला. एका आठवड्यात उजवीकडून फेऱ्या मारल्या तर पुढच्या आठवड्यात डावीकडून मारा, म्हणजे वळणाचा भार एकाच पायावर येत नाही. चढासाठी शिवाजी विद्यापीठाचा परिसर. वाघबीळहून पन्हाळ्याचा चढ तिसऱ्या महिन्यानंतरच, आणि पहिल्या चार वेळा उतार चालतच उतरा. दम चढाला लागतो, मांड्या मात्र उतारावर फाटतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही. अंधारात समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, चमकपट्टीचं जाकीट घालून पळा.

जुने पीटी शूज कपाटातच राहू द्या. पळण्याचे बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्या. अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा हवी. 600-700 किलोमीटरनंतर तळ दबतो, मग बदला. पावसाळ्यात जांघेत आणि काखेत व्हॅसलीन लावल्याशिवाय निघू नका.

दीड तासाच्या वर पळणार असाल तर तासाला साधारण 30 ग्रॅम साखर पोटात जायला हवी. आपल्याकडचा गूळ त्यासाठी उत्तम: 35 ग्रॅमचा खडा, किंवा एक मोठं केळं. पाणी तहानेप्रमाणे, घोट घोट. घाबरून लिटरवर लिटर नुसतं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, पुढे शुद्ध हरपू शकते. उन्हाळ्यात ओआरएसचं पाकीट पुड्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवा. शनिवारी रात्री तांबडा-पांढरा आणि कॅन्टीनची रम झाली असेल, तर रविवारचा लांब पल्ला सोमवारवर ढकला.

नडगीचं दुखणं पसरट असेल तर वेग आणि पल्ला कमी करून चालतं. एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी हाड दुखत असेल तर पळणं त्याच दिवशी बंद. हाडाला बारीक चीर असू शकते, आणि ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत दिसेलच असं नाही. पळण्याआधी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊन दुखणं दाबणं ही पलटणीतली सवय सोडा. घाम गाळताना ही औषधं मूत्रपिंडावर ताण आणतात. टाचेवरच्या कंडरेसाठी पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा उचला, हळू खाली न्या: 15 वेळा, 3 फेऱ्या, एक दिवसाआड.

आता मनाचं. निवृत्तीनंतर पगारापेक्षा जास्त पोकळी करतं ते पहाटेचं फॉलिन, म्हणजे हजेरीसाठी रांगेत उभं राहणं, सुटल्याने. कोणी हजेरी घेत नाही, आपण नाही गेलो तर कोणाचं अडत नाही. ते जाणूनबुजून परत बांधावं लागतं: ठरलेली जागा, 5:15 ची वेळ, तीन-चार जण, आणि जो आला नाही त्याला फोन. प्रत्येकाने वहीत अंतर, झोप आणि मनःस्थिती एकेका ओळीत लिहावी. झोप सलग दोन आठवडे मोडत असेल, रागावर ताबा राहत नसेल, तर केवळ पळून ते मिटेल अशी वाट पाहू नका. 14416 वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन मोफत आहे.

दक्षिण आफ्रिकेतली सुमारे 90 किलोमीटरची कॉम्रेड्स शर्यत 1921 मध्ये पहिल्या महायुद्धातून परतलेल्या विक क्लॅपहॅम या सैनिकाने सुरू केली, मृत सोबत्यांच्या आठवणीसाठी. एवढं लांब जायची गरज नाही. गावातली पोरं भरतीसाठी 1600 मीटर पळतात आणि रोज जोरातच पळतात. त्यांना आठवड्यातले तीन दिवस हळू पळवायला तुमच्याइतकं योग्य कोणी नाही. त्यांच्याशी शर्यत मात्र लावू नका. मंगळवारी मैदानावर घड्याळ तुमच्या हातात असू द्या, आणि तुमचा पल्ला रविवारी.