एकट्याने गोवा? शुक्रवार हाताशी ठेवा

एकट्याने गोव्यात येणार असाल तर मुक्काम पणजीत करा आणि त्यात एक शुक्रवार येईल असं बघा. शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरतो. पणजीच्या कदंब बसस्थानकावरून म्हापशाला शटल बस सुटते. तिकीट खिडकीवर काढूनच चढायचं. अंतर जेमतेम १३ किलोमीटर.

सकाळी लवकर जा, कारण गावठी माल लवकर संपतो. मयड्याची मोठी केळी, हरमलची मिरची, सोलां म्हणजे आमसुलं, पोर्तुगीज वळणाची चवरीस म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज, मातीची भांडी, सगळं एकाच फेरीत मिळतं. काजू सालीसकट घ्या, पण आधी एक खाऊन बघा. कुबट लागला तर पुढच्या दुकानात. भाव करा, मात्र टोपली घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बाईशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. मला ते बघवत नाही. सुटे पैसे जवळ असू द्या.

सामान खोलीवर ठेवून उन्हं उतरल्यावर फोंताइन्हास या पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत चाला. फोटो काढा, पण ती माणसांची राहती घरं आहेत, पायऱ्यांवर चढू नका. जुन्या गोव्याची चर्चेस दुसऱ्या दिवशी सकाळी. खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला.